मत नोंदवा, पण कशाच्या आधारावर?

बारावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘तुमचे मत नोंदवा’ असा एक प्रश्न असतो. राज्य मंडळाच्या ८० गुणांच्या, तीन तासांच्या या पेपरात सगळ्यात मोकळा वाटणारा प्रश्न तोच, आणि सगळ्यात ठरीव उत्तरे येतात तीही त्यालाच. अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्यातल्या एखाद्या कलाशाखेच्या पोराला विचारा, या प्रश्नाची तयारी कशी करतोस? तो सरळ सांगेल, “मत कायले शोधा लागते जी, गाईडात लिहेल आहे ना!” बोलण्यात ना लाज असते, ना खोडसाळपणा. परीक्षेचा व्यवहार त्याला आपल्यापेक्षा चांगला कळलेला असतो.

त्याच्यावर हसण्याआधी एक गोष्ट मान्य करू. पेपरचा पॅटर्न समजून घेणे यात हलके काही नाही. ‘मार्कांसाठी शिकू नका, ज्ञानासाठी शिका’ हा उपदेश बहुधा ज्यांना मार्क मिळून गेले आहेत तेच करतात. कपाशीच्या भावावर घर चालणाऱ्या कुटुंबातली मुलगी बारावी कला शाखेला बसते, तेव्हा तिच्यासमोर पोलीस भरती असते, डी.एड. असते, पदवी घेऊन एमपीएससी द्यायचे स्वप्न असते. कोणत्या प्रश्नाला किती गुण, कुठे पर्याय आहेत, कुठे पुरवणी लावायची आणि कुठे दोन ओळींत थांबायचे हे तिने जाणलेच पाहिजे. शहरातल्या क्लासमध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. गावातल्या मुलांना ते उशिरा कळते, आणि तेवढ्याने निकालात फरक पडतो. म्हणून पॅटर्न ही गोष्ट मी गंभीरपणे घेतो. इतकी की अभ्यासक्रम पाठ्यपुस्तकात असतो यावर माझा विश्वास नाही. अभ्यासक्रम प्रश्नपत्रिकेत असतो. पेपर जे विचारतो ते शिकवले जाते आणि जे विचारत नाही ते ‘फक्त वाचून घ्या’ या सदरात जाते.

तर हा पेपर काय विचारतो? दिलेल्या पर्यायांपैकी योग्य पर्याय निवडून विधान पूर्ण करा. चुकीची जोडी ओळखून दुरुस्त करा. ऐतिहासिक ठिकाण, व्यक्ती, घटना यांची नावे लिहा. इथपर्यंत स्मरणशक्तीचे काम. संकल्पनाचित्र पूर्ण करा, यात थोडी मांडामांड. नकाशाचे निरीक्षण करून उत्तरे लिहा, हा मला मनापासून आवडणारा प्रश्न, कारण त्यात मुलासमोर काहीतरी ठेवलेले असते आणि त्यात बघून उत्तर काढायचे असते. मग टीपा, ‘सकारण स्पष्ट करा’, मत, आणि शेवटी दिलेल्या मुद्द्यांच्या आधारे सविस्तर उत्तर. ‘सकारण स्पष्ट करा’ हा प्रश्न चांगला आहे. कारण आणि परिणाम यांची सांगड घालायला तो भाग पाडतो, निदान त्याचा हेतू तरी तसा आहे. सविस्तर उत्तरात मुद्दे आधीच देऊन ठेवल्यामुळे उत्तराची रचना काय असावी, आधी काय सांगावे, काय सोडून द्यावे, हा निवाडा मुलाला करावाच लागत नाही. इतिहास लिहिणाऱ्याचे अर्धे काम खरे तर तेच असते.

बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात युरोपातील प्रबोधनापासून शीतयुद्ध आणि बदलत्या भारतापर्यंतची बारा प्रकरणे आहेत. पुस्तक वाईट नाही. पूर्वीच्या नुसत्या सनावळ्यांपेक्षा ते कितीतरी पुढचे आहे. अडचण पुस्तकात नाही, तीन तासांच्या त्या कागदात आहे. नकाशा सोडला तर लेखी परीक्षेत एकही अस्सल साधन मुलाच्या पुढ्यात येत नाही. पत्र नाही, तहाचे कलम नाही, वर्तमानपत्राचे कात्रण नाही, एखादे व्यंगचित्र नाही. दहावीला उतारा वाचून उत्तरे द्यायचा प्रश्न असतो खरा, पण तो वाचनाची परीक्षा घेतो. उतारा कोणी, कधी, कोणासाठी लिहिला हे त्यात विचारत नाहीत. आणि असे काहीही समोर न ठेवता आपण सतरा वर्षांच्या मुलाला म्हणतो, मत नोंदव! तो नोंदवणार कशावरून? पुराव्यावाचून दिलेले मत एकतर पाठ केलेले असते, नाहीतर घरात-चौकात ऐकलेले असते. पहिल्याला गुण मिळतात, दुसऱ्याला मोबाइलवर लाइक मिळतात. इतिहासाच्या नावाने महाराष्ट्रात जी भांडणे चालतात ती पाहिली की वाटते, आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मत द्यायला शिकवले, पण ‘कशावरून?’ हे विचारायला शिकवलेच नाही.

मताची आपल्याकडच्या परीक्षापद्धतीशी सोयरीक कधीच नीट जमलेली नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले. याच रानड्यांनी विद्यार्थी असताना एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी अमलाला कमी लेखले, म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. स्वतःचे मत नोंदवल्याची ती किंमत. पुढे त्याच माणसाने मराठी सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९०० साली आला. आज कोणी शिष्यवृत्ती रोखत नाही, तेवढी सुधारणा झाली. पण नमुना उत्तरात नसलेले मत लिहिले तर तपासणारा काय करील ही धास्ती मुलांच्या मनात आजही आहे, आणि शिक्षकही तिला फार विरोध करत नाहीत.

आता तेल्हारा तालुक्यातलेच उदाहरण घेतो. ते लांबण लावून सांगणार आहे, कारण माझे सगळे म्हणणे त्यातच आहे.

सातपुड्याच्या पायथ्याला, अडगावच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत ती ‘अरगाव’ म्हणून सापडते. एका बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झाला. दुसऱ्या बाजूला नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज आणि सोबत शिंद्यांचे घोडदळ. असईची लढाई होऊन दोन महिने झाले होते. भोसले हरले. इंग्रजांनी पुढे डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड घेतला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक प्रांत कंपनीकडे गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. १८५३ साली निजामाने कर्जापोटी तोच वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला आणि १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला. आज वऱ्हाड म्हणून जो काही वेगळा प्रशासकीय इतिहास आपण सांगतो त्याची एक मोठी गाठ या शिवारात आहे.

आजच्या पॅटर्नमध्ये यावर काय विचारता येईल? चुकीची जोडी : देवगावचा तह – १८०३, गाविलगड – मन्याबापू, वगैरे. टीप लिहा : देवगावचा तह. मत नोंदवा : मराठा सरदारांतील दुहीमुळे इंग्रजांचा विजय झाला. या शेवटच्या विधानाचे उत्तर महाराष्ट्रातला कोणताही मुलगा झोपेतही लिहील. दुही, फितुरी, आधुनिक शस्त्रांचा अभाव, संपले.

पण समजा, प्रश्नाखाली तीन छोटे उतारे दिले. पहिला, लढाईआधीच्या युद्धविरामाचा. २३ नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलांशी वेलस्लीने युद्धविराम ठरवला होता. त्यातल्या अटीप्रमाणे शिंद्यांची फौज एलिचपूरच्या पूर्वेला ठरल्या अंतरावर जायला हवी होती, ती गेली नव्हती. वकील हल्ला करू नका म्हणत होते, तरी सहा दिवसांत त्याने हल्ला केला. दुसरा उतारा, वेलस्लीच्या २ डिसेंबरच्या खासगी पत्राचा. त्यात तो कबूल करतो की असईला उत्तम लढलेल्या जवळजवळ तीन पलटणी अडगावला तोफा सुरू होताच मोडून पळाल्या. आपण जवळच होतो म्हणून त्यांना परत उभे करता आले, आपण नसतो तर लढाई हातची गेली असती, असेही तो लिहितो. तिसरा, देवगावच्या तहातले ते कलम, ज्यात नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले आणि लगतचा चार लाखांचा मुलूख भोसल्यांकडेच ठेवला आहे.

आता विचारा, मत नोंदवा. ‘आधुनिक, शिस्तबद्ध इंग्रजी फौज’ हे गाईडातले वाक्य आता लिहिता येत नाही, कारण त्या फौजेच्याच पलटणी पळाल्याचे तिचाच सेनापती सांगतो आहे. दुहीचा मुद्दाही तितका सोपा राहत नाही, कारण शिंद्यांचे स्वार भोसल्यांसोबत उभे आहेत, आणि त्याच वेळी शिंद्यांचे वकील इंग्रजांच्या छावणीत बसले आहेत. ही दुही म्हणायची की मुत्सद्देगिरी? शिवाय पत्र वाचताना जरा हुशार पोरगी विचारेलच, की ‘मी होतो म्हणून वाचलो’ असे सांगणारा हा माणूस स्वतःच्याच पराक्रमाचा साक्षीदार आहे, त्याचे कितपत धरायचे? आणि तिसऱ्या उताऱ्यावरून तिच्या लक्षात येईल की ‘वऱ्हाड निजामाकडे गेला’ हे पुस्तकी वाक्य ढोबळपणे बरोबर असले, तरी नरनाळ्याच्या पायथ्याच्या मुलखाला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. म्हणजे तिच्याच मुलखाला! हे तिने स्वतः शोधले असेल. पुढे ती ते विसरली तरी चालेल, पण कागदावर विश्वास ठेवण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारायची सवय ती विसरणार नाही.

अशा प्रश्नांची जगात उदाहरणे आहेत. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांसाठी कॉलेज बोर्डाची ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा असते. तिच्या अमेरिकन इतिहासाच्या पेपरात ५५ बहुपर्यायी प्रश्न, तीन लघुत्तरी, एक निबंध, आणि एक साधनाधारित प्रश्न. सव्वातीन तासांतला एक तास या एकाच प्रश्नाला. सात दस्तऐवज दिलेले असतात, ते वाचून भूमिका मांडायची, ती दस्तऐवजांनी आणि त्यांच्या बाहेरच्या माहितीने सिद्ध करायची. एखाद्या दस्तऐवजाचा लेखक कोण, त्याचा हेतू काय, तो कोणासाठी लिहीत होता, याचा उत्तरात उपयोग केला तर वेगळा गुण. एकूण परीक्षेतले २५ टक्के वजन या प्रश्नाचे. हा प्रश्न तिथे १९७३ पासून आहे. तिथेही याचे क्लास निघाले आहेत, तिथेही साच्यातली वाक्ये पाठ करून घेतात, सातपैकी किती गुण कुठून उचलायचे याची गणिते मुले करतात. पॅटर्न आला की पळवाट येते, ती न्यूयॉर्कला येते तशी अकोल्यालाही येईल. फरक इतकाच की साचा पाठ करून बसलेल्या मुलालाही समोरचे सात कागद वाचावेच लागतात, कारण ते त्याने आधी पाहिलेले नसतात.

इतके लांब तरी कशाला जायचे? सीबीएसईच्या बारावीच्या इतिहासाच्या पेपरात साधनाधारित तीन उतारे असतात, बारा गुणांचे. अकोला शहरातच एका गल्लीतले मूल ते सोडवते आणि शेजारच्या घरातले, राज्य मंडळाचे मूल सोडवत नाही. अर्थात सीबीएसईचे पुष्कळसे उपप्रश्न ‘उताऱ्यात काय म्हटले आहे’ एवढ्यावरच थांबतात. तरी सुरुवात आहे.

आणि परक्यांचे अनुकरण म्हणून कोणी नाक मुरडणार असेल तर त्याने आपलीच परंपरा आठवावी. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत तो व्याप नेला. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे उतरवून. बखरीतल्या रसाळ कथेपेक्षा एका अस्सल चिठोऱ्याचे मोल त्यांना अधिक होते. वऱ्हाडात यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ सिद्ध केला तोही जमतील ती साधने गोळा करूनच. ज्या भाषेत इतिहाससंशोधन म्हणजे साधनांचा शोध, हे शंभर वर्षांपूर्वी ठरून गेले, त्या भाषेतल्या बारावीच्या पेपरात साधन औषधालाही नसावे, याला काय म्हणावे?

आक्षेप येतील, आणि त्यातले काही खरे आहेत. शिक्षक म्हणतील, तपासायचे कसे? गठ्ठे संपवायची घाई, मॉडरेटरचा तगादा, आणि प्रत्येक मुलाचे मत निराळे. हे खरे दुखणे आहे. त्यासाठी गुणदानाची वाटणी मतावर न करता पुराव्याच्या वापरावर करावी लागेल : भूमिका स्पष्ट आहे का, किमान दोन उताऱ्यांचा आधार घेतला का, एखाद्या उताऱ्याच्या विश्वासार्हतेबद्दल काही म्हटले का. मग मत पटो न पटो, गुण देता येतात. दुसरा आक्षेप मोडी लिपी आणि जुन्या भाषेचा. तो फोल आहे, देवनागरीत सोपे करून, कठीण शब्दांचे अर्थ खाली देऊन उतारा छापता येतो. तिसरा आक्षेप सगळ्यात मोठ्याने केला जातो : खेड्यातल्या मुलांना हे झेपणार नाही.

या तिसऱ्यावर मी अजिबात मागे हटणार नाही. पाठांतराच्या पेपरात ज्याच्याकडे क्लास, गाईडे आणि निवांत खोली आहे तो आधीच पुढे असतो. साधनाधारित प्रश्नात निदान पुरावा तरी सगळ्यांच्या पुढ्यात सारखाच येतो. आणि कागदपत्रांची पारख वऱ्हाडातल्या मुलांना नवीन आहे, हे तर मला पटतच नाही. बारावीला जात पडताळणीचा अर्ज भरताना हीच मुले काय करतात? आजोबांचा शाळेचा दाखला काढायला जुन्या दाखल-खारीज रजिस्टराची नक्कल मागतात, तहसीलमध्ये कोतवाल पंजी शोधतात, जुना सातबारा आणि फेरफार उतरवून आणतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो, हे घरात कमी शिकलेल्या बापालाही ठाऊक असते. काका आणि आजोबा यांच्या नोंदींत आडनाव वेगळे का, या नोंदीवर खाडाखोड आहे का, कोणत्या कागदाला समिती मानते आणि कोणत्याला नाही, यावर ओसरीवर जी चर्चा चालते ती इतिहाससंशोधकाला शोभणारी असते. शासनाच्या दारात ज्या मुलाला अस्सल आणि बनावट कागद ओळखावा लागतो, त्याला इतिहासाच्या पेपरात मात्र गाळलेली जागा भरायला लावायची! झेपणार नाही म्हणणाऱ्यांनी एकदा पडताळणी कार्यालयाच्या रांगेत उभे राहून पाहावे.

अडगावचा प्रश्न राज्याच्या पेपरात येणार नाही, हे मला कळते. पेपर सगळ्या नऊ विभागीय मंडळांना एकच असतो. सिंधुदुर्गातल्या मुलाला अडगाव का माहीत असावे? नसले तरी चालेल, उतारा त्याच्या हातात असेल. पण स्थानिक इतिहासाला जागा आहे ती २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात. त्या गुणांचे आज बहुतेक ठिकाणी काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प, रंगीत कागदाचे मुखपृष्ठ, वीसपैकी अठरा. तेल्हाऱ्याच्या मुलांना अडगावचे शिवार तालुक्यातच आहे. नरनाळा शेजारच्या अकोट तालुक्यात, त्याचा कोरीव महाकाली दरवाजा १४८७ सालचा, त्यावरचा लेख आजही वाचता येतो. मिठाचा सत्याग्रह म्हणजे दांडीचा समुद्र, एवढेच पुस्तकावरून वाटते. पण १९३० साली याच अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला. समुद्रापासून शेकडो कोस दूर, ज्या खाऱ्या पाण्याला इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शिव्या देत आला त्याच पाण्याने! १९१० सालचे अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर, ग्रामपंचायतीचे दप्तर, शंभरी ओलांडलेल्या शाळेचे रजिस्टर, एखाद्या आजीची आठवण. दोन साधने समोरासमोर ठेवा, त्यांच्यात कुठे जुळते आणि कुठे जुळत नाही ते दोन पानांत लिहा. वीस गुणांना एवढे पुरे.

मंडळाकडे मागणी मोठी नाही. नवा विषय नको, नवे पुस्तक नको, गुणांची उलथापालथही नको. ‘तुमचे मत नोंदवा’ हा प्रश्न आहे तसाच ठेवा. फक्त त्याच्याखाली दोन-तीन अस्सल उतारे छापा, आणि नमुना उत्तराऐवजी परीक्षकाला पुराव्याचे निकष द्या. प्रश्नपत्रिकेचे एक पान वाढेल. आणि तेल्हारा-अकोटातल्या इतिहासाच्या शिक्षकांना एवढेच सांगायचे, की मंडळ हलेपर्यंत थांबू नका. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण आजही तुमच्या हातात आहेत, आणि अडगावला जायला पुण्याची परवानगी लागत नाही.